पॅकेजचा पैसा गावच्या सेवांपर्यंत कसा पोचतो?

पहिल्यांदाच सरपंच झालेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "संकट आलं की केंद्र आणि राज्य सरकार हजारो कोटींची पॅकेजेस जाहीर करतात. आमच्या दोन हजार वस्तीच्या गावाला त्यातून नक्की काय मिळतं? नळपाणी, अंगणवाडी, उपकेंद्र, दिवाबत्ती या रोजच्या सेवांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून ग्रामपंचायतीनं काय करायचं?"

ताई, माझी नोकरी पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर सरपंच-सदस्यांची प्रशिक्षणं घेतो. प्रत्येक वर्गात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पॅकेजचा पैसा एकदा येतो आणि सेवा रोज द्यावी लागते, सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. पैसा येण्याआधी कागद तयार ठेवणारी आणि पैसा संपल्यावरचा खर्च आधीच मांडणारी ग्रामपंचायत त्याचं सोनं करते. बाकीच्या गावांत कोनशिला उरते.

आधी पैसा कुठल्या वाटेनं येतो ते पाहू. एक वाट थेट माणसाच्या खात्यात किंवा रेशन दुकानात जाते. कोविडच्या काळात, एप्रिल ते जून 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा 500 रुपये आले, माणशी 5 किलो मोफत धान्य मिळालं, ते या वाटेनं. यात ग्रामपंचायतीचं काम कुणी वंचित राहू नये एवढं बघण्याचं. दुसरी वाट खात्यांमार्फतची: आरोग्य, रोजगार हमी, पाणीपुरवठा. इथं पैसा तुमच्या हातात येत नाही, पण तुम्ही मागणी केली तर तो गावाकडे वळतो. तिसरी वाट ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्याची, म्हणजे वित्त आयोगाचं अनुदान. रोजच्या सेवांच्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्यावरच गावात सगळ्यात कमी चर्चा होते.

12 मे 2020 ला 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा मला गावोगावहून फोन आले, आपल्या वाट्याला किती? त्या आकड्याचा मोठा भाग उद्योगांना कर्जहमी, बँकांकडची रोख उपलब्धता अशा गोष्टींचा होता. गावात प्रत्यक्ष उतरणारी मोठी गोष्ट होती ती रोजगार हमीची वाढीव तरतूद: मनरेगाच्या 61,500 कोटींत आणखी 40,000 कोटींची भर. त्या वर्षी देशभरात सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम झालं, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. महाराष्ट्रातला मजुरीचा दर 206 वरून 238 रुपये झाला होता. पुढच्याच महिन्यात 50,000 कोटींचं गरीब कल्याण रोजगार अभियान आलं. त्यात परत आलेल्या मजुरांची संख्या 25,000 च्या वर असलेले 6 राज्यांतले 116 जिल्हे घेतले होते आणि महाराष्ट्रातला एकही नव्हता. तरी आपल्याकडच्या कितीतरी ग्रामपंचायती महिनाभर त्याची वाट बघत बसल्या. पॅकेजची बातमी वाचली की पहिल्यांदा कोणती राज्यं, कोणते जिल्हे, कोणतं खातं हे बघा. बाकी आकडे नंतर.

आता तिसरी वाट, हिशोबासकट. 2021 च्या मे महिन्यात, दुसरी लाट भरात असताना, केंद्रानं पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे गावाच्या निकडीप्रमाणे वापरता येणाऱ्या, अनुदानाचा पहिला हप्ता ठरल्या वेळेआधी सोडला. 25 राज्यांच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना मिळून 8,923.8 कोटी, त्यात महाराष्ट्राला 861.4 कोटी. एरवीच्या अटीही त्या हप्त्यापुरत्या बाजूला ठेवल्या. आपल्या राज्यात या अनुदानातले 10 टक्के जिल्हा परिषदेला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 80 टक्के ग्रामपंचायतींना जातात. म्हणजे ग्रामपंचायतींच्या वाट्याला सुमारे 689 कोटी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे ग्रामीण महाराष्ट्र 6.15 कोटी. माणशी 112 रुपये होतात. वाटपात क्षेत्रफळालाही थोडं वजन असतं, त्यामुळे गावागणिक कमीजास्त होईल, पण तुमच्या दोन हजार वस्तीच्या गावाला तो हप्ता साधारण सव्वादोन लाखांचा. हजारो कोटींच्या बातमीचं गावच्या पासबुकातलं रूप हे असं असतं.

सव्वादोन लाख थोडे वाटतात, पण त्यांत काय होऊ शकतं ते मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. राज्य शासनानं गावातच विलगीकरण कक्ष उभारायला या निधीचा काही भाग वापरायची मुभा दिली होती. माझ्या ओळखीच्या एका गावानं जिल्हा परिषद शाळेच्या वर्गांत खाटा टाकल्या, गाद्या भाड्यानं आणल्या, आशाताईंना ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन दिल्या आणि शाळेच्या बंद पडलेल्या मुताऱ्या दुरुस्त केल्या. ही शेवटची गोष्ट कुणाच्या बातमीत आली नाही, पण स्वच्छतागृह चालू नसतं तर एकही बाई तिथं राहायला तयार झाली नसती. मुलं शाळेत परतल्यावर ते त्यांच्या उपयोगी पडलं. शेजारच्या गावानं त्याच पैशातून दोनदा फवारणी केली आणि उरलेली रक्कम वर्षअखेर अखर्चित दाखवली. दोन्ही गावांना हप्ता एकाच दिवशी मिळाला होता.

फरक कुठं पडला? पहिल्या गावाच्या विकास आराखड्यात शाळा-अंगणवाडी दुरुस्ती आणि आरोग्य ही कामं आधीपासून होती, शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रकं करून घेतलेली होती. दुसऱ्या गावाच्या आराखड्यात सगळे सिमेंट रस्ते आणि पेव्हर ब्लॉक. वित्त आयोगाचा पैसा आराखड्यात असलेल्या कामावरच खर्च होतो. ऐनवेळी सुचलेल्या कामाला पुरवणी आराखडा, ग्रामसभेचा ठराव, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग खरेदी किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, काम झाल्यावर एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, मोजमाप, जिओटॅग फोटो आणि शेवटी तुमची व ग्रामसेवकांची, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अशा दोघांच्या डीएससीनं, म्हणजे डिजिटल सहीनं, पेमेंट. यातलं काहीही गाळता येत नाही आणि गाळूही नये. म्हणून संकट येण्याआधीच पाच-सात कामं तांत्रिक मान्यतेसह फाइलमध्ये तयार ठेवायची. पाण्याची दोन, आरोग्याचं एक, अंगणवाडीचं एक, सांडपाण्याचं एक. वाढीव पैसा मार्चच्या तोंडावर सुटतो तेव्हा तालुक्याला विचारलं जातं, कुणाची कामं तयार आहेत? तेव्हा ज्यांची फाइल पुढं असते त्यांना तो मिळतो. याला मी वशिला म्हणणार नाही, तयारीच म्हणेन.

डीएससीबद्दल एक सांगतो. पुष्कळ ठिकाणी सरपंचताईंची डीएससी भलत्याच कुणाच्या खिशात असते, कधी नवऱ्याच्या, कधी ऑपरेटरच्या. ती तुमची सही आहे. स्वतःकडे ठेवा, पेमेंट करताना स्वतः समोर बसा, एमबी उघडून रक्कम ताडून पाहा. पहिले चार-सहा महिने वेळ जाईल. नंतर अंदाजपत्रक बघूनच तुम्हाला चुकीचा आकडा दिसायला लागेल.

हे अनुदान वापरायचे नियमही पाठ असलेले बरे. 2021-26 या काळासाठी पंधराव्या आयोगानं 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित अशी विभागणी ठरवली. बंधितातला निम्मा भाग स्वच्छता व हागणदारीमुक्तीसाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी. अबंधित निधी गावाच्या निकडीप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. राज्याला पैसा मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत तो खाली दिला नाही तर व्याजासकट द्यावा लागतो, अशी अटही होती. लेखे ऑनलाइन नसतील, लेखापरीक्षण रखडलं असेल तर अनुदान अडतं. निवडून आलेली संस्था नसेल तरीही अडतं: 2022 नंतर आपल्याकडच्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या प्रशासकांच्या हाती गेल्या आणि त्यांच्या वाट्याचा हा निधी थांबला. निवडणुका लांबल्याचा फटका नळाला आणि गटाराला असा बसतो. हे गावकऱ्यांना कुणी सांगितलंच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

संकटाच्या पैशातून गावात टिकाऊ काही उभं करायचं, हा विचार महाराष्ट्रानंच देशाला दिला आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर कामाला आली. लाखो माणसं पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याच्या कामावर होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यासाठी पैसा कुठून आला? 1975 च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. आजही शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात 200 रुपये, फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो, त्याचं मूळ ते आहे. पुण्या-मुंबईच्या पगारदारानं दुष्काळी गावच्या मजुरीचा भार उचलायचा, ही व्यवस्था आपल्या राज्यानं कायद्यानं उभी केली. गाव आणि शहर एकमेकांना किती बांधलेले आहेत हे सांगताना मी प्रशिक्षणात नेहमी याच्यापासून सुरुवात करतो.

त्या काळच्या कामांत दोन प्रकार झाले. खडी फोडून ढीग लावले, त्या दिवसाची भाकरी मिळाली, एवढंच. पाझर तलाव झाले तिथं पुढं अनेक वर्षं विहिरींना पाणी राहिलं. मजुरी दोन्हीकडे तेवढीच. तुमच्याकडे मजुरांनी नमुना 4 भरून कामाची मागणी केली की कोणतं काम काढायचं हे ग्रामसभेला ठरवता येतं, आणि तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर ठेवा. मागणी अर्जाची तारखेसह पोच द्यायला विसरू नका. त्या पोचेवरच मजुराचा हक्क उभा असतो.

आता सगळ्यात अवघड भाग: पैसा संपल्यानंतरचा खर्च. पॅकेज इमारत देतं, पंप देतं, टाकी देतं. दिवा लावणारं, नळ सोडणारं, बाळाचं वजन करणारं माणूस देत नाही. जून 2021 मध्ये, साथ चालू असतानाच, राज्यातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. त्याच काळात पंधराव्या आयोगाच्या शिफारशीनुसार आरोग्यासाठी स्थानिक संस्थांमार्फत पाच वर्षांत 70,051 कोटी मंजूर झालेले होते, त्यातला मोठा हिस्सा इमारती नसलेली उपकेंद्रं, तपासणीच्या सोयी, तालुका पातळीची आरोग्य यंत्रणा यांच्यासाठी. ती गरज खरीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण उपकेंद्राच्या नव्या इमारतीत आरोग्यसेविका राहत नसेल तर गावाला सेवा मिळाली असं म्हणता येत नाही. जागा देण्याचा ठराव करतानाच त्या पदाची स्थिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी मागा. उत्तर आलं नाही तरी पत्र नोंदवहीत राहतं आणि पुढच्या आमसभेत ते दाखवता येतं.

विजेच्या बिलाचं उदाहरण तर प्रत्येक सरपंचाला माहीत आहे. 2021 च्या उन्हाळ्यात महावितरणनं थकबाकीपोटी कितीतरी गावांचे पथदिवे तोडले. मग शासनानं पथदिव्यांची बिलं अबंधित आणि पाणीपुरवठ्याची बिलं बंधित निधीतून भरायला सांगितलं. सरपंच संघटनांनी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं मला पटतं: विकासाचा पैसा जुन्या थकबाकीत गेला तर नवं काही उभं राहत नाही. पण गावानं फक्त विरोध करून भागत नाही, बिल कमी कसं होईल हेही बघावं लागतं.

पाच अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला साधारण 700 युनिट जळतात. पाइपलाइनला गळती असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील आणि टाकी भरायला तोच पंप नऊ तास चालवावा लागत असेल, तर युनिट हजाराच्या वर जातात. वाढलेली तिनेकशे युनिटं निव्वळ गळतीची. बंधित निधीतून पहिलं काम म्हणून गळती काढा, व्हॉल्व्ह बदला, वॉर्डवार पाणी सोडण्याची सोय करा. नंतर सौर पंपाचा विचार. एकदाच येणाऱ्या पैशाची सर्वांत चांगली गुंतवणूक ही: ज्यानं दरमहाचा खर्च उतरतो ते काम. आपल्याकडे उलटं होतं. आरओचं वॉटर एटीएम बसवतात, पहिल्या वर्षी फोटो निघतात, दुसऱ्या वर्षी मेम्ब्रेन बदलायला पैसे नसतात आणि खोलीला कुलूप लागतं. अशी कुलूपबंद खोली नसलेलं गाव हल्ली शोधावं लागतं. गावाला शुद्ध पाणी द्यायला जलसुरक्षकानं रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघणारी) घेणं पुष्कळदा पुरेसं असतं. त्यासाठी लागतात तीन गोष्टी: चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर, चालू क्लोरिनेटर आणि त्या माणसाला वेळेवर मानधन. पावडर आणि यंत्र निधीतून घेता येतं. मानधन पाणीपट्टीतून द्यायचं. पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला धोक्याचं लाल कार्ड मिळालं आहे की हिरवं, हे सरपंच म्हणून तुम्हाला तोंडपाठ पाहिजे.

पाणीपट्टीचा विषय निघाला की सभागृहात शांतता पसरते, पण तो टाळून चालणार नाही. चारशे कुटुंबं, महिन्याला 100 रुपये धरा, वर्षाचे 4 लाख 80 हजार होतात. वसुली निम्मी झाली तरी 2 लाख 40 हजार, म्हणजे कोविडकाळात तुमच्या गावाला आला असता त्या हप्त्यापेक्षा जास्त, आणि हे दरवर्षी, कुणाच्या अटीविना. नमुना 9 ची मागणी नोंदवही घेऊन बसा, थकबाकीची यादी ग्रामसभेत वाचा, सदस्यांनी आपापली थकबाकी पहिल्यांदा भरावी. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याण, 15 टक्के मागासवर्गीय आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचेच असतात. स्वउत्पन्न वाढलं की हा पैसाही वाढतो. अंगणवाडीतला गॅस, बाळांची खेळणी, शाळेतल्या मुलींसाठीची सोय यांना तो पुरतो. महिला ग्रामसभा नियमाप्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभेआधी घ्यायची असते. ती कागदावर उरकू नका, कारण नळाची वेळ, उपकेंद्रातली अनुपस्थिती, अंगणवाडीचं गळणारं छप्पर या गोष्टी बायकाच बोलतात आणि त्याच आराखड्यात यायला हव्यात.

ही अडचण आपल्याच देशात आहे असं नाही. अमेरिकेत 2021 च्या पॅकेजमधून राज्यं आणि स्थानिक सरकारांना 350 अब्ज डॉलर दिले गेले, शाळांना वेगळे सुमारे 122 अब्ज. अनेक शाळांनी त्यातून समुपदेशक, वाचनाचे शिक्षक नेमले. सप्टेंबर 2024 मध्ये शाळांच्या निधीची मुदत संपली आणि कितीतरी ठिकाणी ती पदं कशी टिकवायची हा प्रश्न उभा राहिला. तिथं माणसं नेमायला परवानगी होती, आपल्याकडे नाही. पण मुदत संपल्यावरचा हिशोब दोघांनाही टाळता आला नाही.

शेवटी, तुमच्याकडे लवकरच कुणीतरी येईल आणि म्हणेल, "ताई, 2515 मधून दहा लाखांचं काम आणतो, फक्त ठराव आणि ना-हरकत द्या." 2515 हे शासनाचं एक लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींच्या शिफारशीनं येणारा हा निधी वाईट नाही, कितीतरी गावांची कामं त्यानं झाली आहेत. मात्र बरेचदा काम दुसरी यंत्रणा करते आणि देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात येते. जलजीवनच्या योजनेलाही हेच लागू. तेव्हा ठरावात स्पष्ट लिहा: आराखड्यातल्या प्राधान्याप्रमाणेच काम घ्यावं, अंदाजपत्रकाची प्रत कार्यालयात लावावी, पूर्ण दाबानं चाचणी झाल्याशिवाय योजना ताब्यात घेतली जाणार नाही, दोषदायित्व कालावधीतल्या, म्हणजे काम संपल्यावर ठेकेदाराची जबाबदारी असलेल्या मुदतीतल्या, दुरुस्त्या ठेकेदारानं कराव्यात. नळपाणी योजना असेल तर उन्हाळ्यात, शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी आलेलं पाहूनच हस्तांतराच्या कागदावर सही करा. दबाव येईल. तेव्हा तो ठराव पुढं करायचा, म्हणून ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचून, हजेरीपटावर सह्या घेऊनच मंजूर करा.